दोन कवेलूंचा घोडेस्वार

शकुबाईंच्या स्वयंपाकघराला दार नव्हतं, कारण त्या दारावर लढाई चालू होती.

दार सागवानी होतं. गुणवंतरावांनी ते बिजागऱ्यांतून काढून पुढच्या खोलीत दोन बाजांवर आडवं टाकलं होतं. त्यावर नदीची वाळू पसरून टेकड्या केल्या होत्या, भाताच्या तणसाच्या काड्या रोवून जंगल केलं होतं आणि निळ्या चिंधीची नदी सोडली होती. नदीच्या दोन्ही बाजूंना बोटभर उंचीचे मातीचे शिपाई उभे होते. गावच्या कोलू कुंभाराने ते मडक्यांबरोबर भट्टीत भाजून दिले होते. इकडच्या शिपायांच्या डोक्याला लाल चिंधी, तिकडच्यांच्या हिरवी.

"गुणवंता, कुत्रं पुन्हा मासोळी घेऊन गेलं," शकुबाई आतून म्हणाल्या.

"हाकला न बाई."

"हाकलून किती हाकलू? त्याले अडवाले दार पाह्यजे. दारावर तुहे शिपाई बसले."

मोठ्या बहिणीला उत्तर द्यायचं नाही, ही गुणवंतरावांची जुनी सवय होती. शिवाय हिरव्या फौजेची तोफ टेकडीवर चढत होती आणि तिकडे लक्ष द्यायला हवं होतं.

हा नाद त्यांना महायुद्धात लागला. ते आसामकडे रसदीच्या डेपोवर होते. तिथल्या इस्पितळात पाय मोडून पडलेल्या एका कप्तानाला खेळायला कोणीतरी हवं होतं, म्हणून त्याने गुणवंतरावांना हा खेळ शिकवला. शिपाई टीचभर मापाच्या काडीने पुढे सरकवायचे, कोण मेला ते कवड्या टाकून ठरवायचं. तोफ म्हणजे बांबूची नळी. तिच्यात लाखोरी डाळीचा दाणा घालून मागून काडी ठोकायची. लढाईवरून लोक पदकं घेऊन आले, गुणवंतराव ही लढाईच घेऊन मुरुमबोडीला आले. धानोऱ्याच्या त्या जंगलात त्यांना एकच शत्रू मिळाला. तो म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर नथ्थू.

मुरुमबोडीचा दवाखाना म्हणजे एक खोली आणि पुढे ओसरी. दोन वर्षांपूर्वी श्रावणात गुणवंतरावांची बायको वच्छला त्या ओसरीवरच वारली. खोलीत आधीच दुसरे आजारी होते. गुणवंतराव तिची खाट पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात ओढत राहिले, आणि झड दिशा बदलत राहिली. शिपायांच्या डोक्यावरच्या चिंध्या वच्छलेच्या दोन जुन्या लुगड्यांच्या होत्या. तिनेच त्या फाडून बांधल्या होत्या. "कोनता कोनाचा, मले समजू तं द्या," असं ती म्हणाली होती.

त्या दिवशी नथ्थू आला तो खेळायला बसलाच नाही.

"गुणवंतभाऊ, चांद्याचे मोठे डॉक्टर येऊन राह्यले. येत्या बाजाराच्या दिवशी. नर्सबाई कोन्या गावाले द्याची ते पाहून ठरवतीन. बायांसाठी अलग खोली असन तं बाई इथी, नाई तं एटापल्लीकडे."

"खोली हाय न मागं."

"भिताडं हाय. फाटे हाय, बांबू हाय. वर आभाळ हाय."

हे खरं होतं. दवाखान्यामागच्या नव्या खोलीला जंगलातून लाकूड मिळालं होतं, गावाने भिंती घातल्या होत्या, आणि काम कवेलूंपाशी, म्हणजे कौलांपाशी, अडलं होतं. कोलू कुंभार म्हणाला, माती उन्हाळ्यात वाळेल, मग भट्टी लागेल, त्याआधी देवाला पाहिजेत तरी मिळणार नाहीत.

तरी मुरुमबोडीत कवेलूंची कमी नव्हती. प्रत्येक घरामागे जादा कवेलूंची चळत रचलेली असे, कारण गावात वांदरं फार. एक टोळी छपरांवरून गेली की निम्मे कवेलू फुटत. गुणवंतराव टोपली घेऊन घरोघर फिरले. सगळ्यांनी खोली झाली पाहिजे असं मनापासून सांगितलं आणि मग विचारलं, "अन् वांदरं आले तं?"

शेवटी त्यांना एक कवेलू मिळाला. तो लटारूने दिला. लटारू गावात सल्ले देत असे. कवेलूला तडा होता.

"असं मागून कोनी देत नाई भाऊ," लटारू म्हणाला. "मानसाले काही दाखवा लागते. दंडारीचं नाटक पाहाले लोकं कोसभर चालत येते. तुमच्या घरी ते लढाई चालते म्हन्ते, ते काऊन नाई दाखवत?"

"ते का तमाशा हाय?"

"तुमच्या घरचं दार गेलं, कुत्रं मासोळ्या नेऊन राह्यलं. तमाशा तं हायच. नुसता फुकट चालू हाय."

गुणवंतरावांना हे पटलं. दुसऱ्या दिवशी कोतवालाने डफडं वाजवून दवंडी दिली : गुणवंतभाऊच्या घरी लढाई पाहाले या हो, घरचे दोन कवेलू आना हो.

लोक आले. शकुबाई उंबऱ्यावर बसल्या आणि प्रत्येक कवेलू बोटाच्या पेराने वाजवून घेऊ लागल्या. खणखण वाजला तर माणूस आत, भद वाजला तर माणूस घरी. लटारूचा पहिलाच परत गेला.

पोचू आला तो डोक्यावर गवताचा भारा घेऊन. तो जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे लहानशा पाड्यावरचा. त्याची मुलगी मंगली पोटुशी होती आणि तिला दाखवायला तो दवाखान्यात येत असे, तेव्हा खोलीचं त्याला ठाऊक होतं.

"आमच्या टोल्यावर कवेलू नाई भाऊ," तो म्हणाला. "गवत हाय. चांगलं हाय, याच साली कापलं. चालते का?"

गुणवंतरावांनी विचार केला. "नाई चालत रे पोचू. मोठे डॉक्टर गवताच्या खोलीले खोली म्हननार नाई. आगीचं भेव म्हनतीन. कवेलूच पाह्यजे. नियम म्हंजे नियम."

पोचूने वाद घातला नाही. भारा भिंतीला उभा केला आणि बाहेरून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खिडकी बरोबर नदीसमोर होती. आत दोन कवेलू देऊन बसलेल्यांना पुढच्याचं डोकं दिसत होतं, पोचूला सगळी लढाई दिसत होती.

पण पहिला दिवस फसला. गुणवंतराव काडीने मोजत, नथ्थू पुन्हा मोजून पाहत असे, मग दोघे एका झाडामागचा शिपाई दिसतो की नाही यावर बोलत बसत.

"हे लोकं मरत काऊन नाई?" मागून कोणीतरी विचारलं.

"अन् हे हायत कोन?" लटारूने विचारलं. तो दोन चांगले कवेलू आणून शेवटी आत आला होता आणि आता त्याला त्यांचा मोबदला हवा होता.

"लाल फौज अन् हिरवी फौज."

"ते दिसून राह्यलं. पन कोन्या गावची?"

हा प्रश्न कप्तानाने कधी काढला नव्हता. लटारूने मग तो स्वतःच सोडवला. "लाल गुणवंतभाऊची, म्हंजे मुरुमबोडीची. हिरवी नथ्थूची. नथ्थूची सासुरवाडी चिचटोल्याची. म्हंजे हिरवी चिचटोल्याची." एवढं बोलून त्याने खिशातली काड्याची पेटी काढली आणि लाल फौजेमागच्या टेकडीवर ठेवली. "अन् हा दवाखाना."

सगळी खोली सरसावून बसली.

चिचटोला नदीपलीकडे. दवाखाना आपल्याकडे व्हायला हवा होता, मुरुमबोडीने तो पळवला, असं चिचटोल्याचं म्हणणं होतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा विषय निघे आणि वरण थंड होई. आता चिचटोल्याचे शिपाई पटापट मरू लागले तसा मुरुमबोडीत आरडाओरडा झाला. संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे बातमी गेली की गुणवंतरावांच्या दारावर चिचटोल्याची माणसं मारून राह्यले.

दुसऱ्या दिवशी बिरजू आला. चिचटोल्यात त्याचा शब्द चाले. मागे दोन बैलबंड्या, माणसं आणि कवेलू. तो दारावरच्या लढाईपाशी आला. त्याने शिपायांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आमचे किती मेले?"

"अर्धे," नथ्थूने खाली मान घालून सांगितलं.

"जवाईबापू, तुमच्या हाती फौज देल्ली अन् तुमी अर्धे मारून टाकले?"

"मले कोनी देल्ली नाई मामा. कवड्या उलट्या पडल्या."

बिरजूने बाजूला निजवलेला हिरवा घोडेस्वार उचलला. घोड्याचा एक कान तुटला होता. "हा कोन होता?"

"घोडदळाचा म्होरक्या."

"याले उठवाचं काय पडन?"

"मेलेला उठत नाई," गुणवंतराव म्हणाले.

बिरजूने बंडीतून दोन कवेलू आणवले आणि शकुबाईंसमोर ठेवले. शकुबाईंनी पेराने वाजवले. दोन्ही देवळाच्या घंटेसारखे वाजले.

"उठव न त्याले, गुणवंता," शकुबाई म्हणाल्या. "कवेलू खनखनीत हाय."

गुणवंतरावांनी कप्तानाची आठवण काढली. मग त्यांना छपराविना उभ्या असलेल्या खोलीची आठवण झाली. त्यांनी घोडेस्वार उभा केला.

तिथून पुढे त्या लढाईत कोणी कायमचं मेलं नाही. दोन कवेलूंना घोडेस्वार, एकाला पायदळाचा शिपाई, असा भाव आपोआप ठरला. हिरवा पडला की चिचटोल्याचा माणूस बंडीकडे धावे, लाल पडला की मुरुमबोडीचा घरामागे धावे. वांदरांची भीती कोणाला राहिली नाही. घरामागच्या चळती संपल्या, मग गोठ्यांवरचे उतरले. कोणी तडा गेलेला पुढे केला तर शकुबाई तो परत देत. "याच्यानं घोडा नाई उठत बाप्पा. गाढव उठन फार तं."

अंगणात ढीग वाढत होता आणि गुणवंतरावांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते जेवायला उठत नव्हते. शकुबाई ताट घेऊन आल्या की ते एका हाताने जेवत आणि दुसऱ्या हाताने मोजत.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी हिरवी फौज नदी ओलांडून टेकडीखाली आली. टेकडी घेतली तर दवाखाना चिचटोल्याला जाणार, असं कोणीतरी गमतीने म्हणालं. मागच्याने ते खरं धरलं. अंगणापर्यंत ही बातमी गेली तेव्हा तिच्यात सरकारी हुकूमही आला होता. एक म्हातारी रडू लागली.

"लाल घोडेस्वार पडला!" नथ्थू म्हणाला. घामाने त्याचा सदरा भिजला होता.

"कवेलू!" गुणवंतराव ओरडले.

"सरले भाऊ," मागून आवाज आला. "गावात एक नाई उरला."

"आना! कुठूनबी आना! पन घरचे आना, नियमानं!"

लटारू बाहेर पळाला. थोड्याच वेळात दारातून दोन कवेलू आले. घोडेस्वार उठला. पुन्हा पडला, पुन्हा दोन आले. मग चार आले. लाल फौज टिकून राहिली. एवढंच नव्हे, आता दारावरचं सगळं स्पष्ट दिसू लागलं होतं. इतके दिवस गुणवंतरावांना नदीपलीकडचं नीट दिसत नसे. आता एकेका शिपायाची सावली दिसत होती. "उजेड बेस पडून राह्यला," ते नथ्थूला म्हणाले. उजेड नदीवरून सरकत टेकडीवर आला. त्यांच्या स्वतःच्या सेनापतीवर तो पडला, तेव्हा त्याची लाल चिंधी ओल्या कुंकवासारखी दिसली.

मग त्यांनी वर पाहिलं.

छपराला बाजेएवढं भगदाड पडलं होतं. त्यातून आभाळ दिसत होतं, आणि आभाळाच्या कडेला लटारूचं तोंड.

"पुरले का भाऊ?" लटारूने विचारलं. "का अजून काढू?"

खोलीतले सगळे वर पाहू लागले. "तुमीच म्हनलं, घरचे आना," लटारू वरून म्हणाला. "माह्या घरचे कालच सरले. मंग कोनाच्या घरचे आनू?"

तेवढ्यात लटारूच्या खांद्यामागून एक वांदर डोकावलं. त्याला खाली वाळूत लाखोरीचे दाणे दिसले. ते सरळ नदीत उतरलं, दोन्ही फौजा तुडवत टेकडीवर गेलं, पाच-सहा दाणे गालात भरले, काड्याची पेटी उचलली, हुंगली आणि तीच घेऊन आल्या वाटेने निघून गेलं.

लाल आणि हिरवे शिपाई एकमेकांवर पडले होते. बिरजूने बराच वेळ भगदाडाकडे पाहिलं. "दवाखाना वांदरानं नेला," तो म्हणाला.

पहिल्यांदा नथ्थू हसला, मग बिरजू. मग दोन्ही गावं इतकी हसली की बैल दचकले.

उठवायला आता कोणी उरलं नव्हतं आणि काम समोर दिसत होतं. चिचटोल्याच्याच बंड्यांतून कवेलू दवाखान्याकडे गेले. दोन्ही गावची माणसं छपराच्या फाट्यांवर चढली. दिवस मावळायच्या आत छप्पर जवळजवळ झालं. एक कोपरा तेवढा राहिला, आणि अंगणात कवेलू उरले ते गुणवंतरावांच्या घरावरचे.

शकुबाई त्या कवेलूंवर हात ठेवून उभ्या होत्या. "हे जात नाईत. हे आपले. लटारूले सांग, जसे काढले तसे लाव. तुह्या डोक्यावर आभाळ, अन् तू लोकाच्या खोल्या शाकारून राह्यला!"

गुणवंतरावांनी नथ्थूला विचारलं, "कोन्या बाजूचा कोपरा उघडा हाय?"

"झडीकडचा. खाट तिथीच येते भाऊ. दुसरीकडे दार हाय, खाट बसत नाई."

गुणवंतरावांनी ढिगातला एक कवेलू उचलला. शकुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कवेलूंवरचा हात काढला.

"घेऊन जा," ते म्हणाले. मग घरात आले आणि उन्हाने चिंध्यांचा रंग उडू नये म्हणून पडलेल्या शिपायांवर धोतर पांघरलं.

मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. खोलीत जाऊन त्यांनी वर पाहिलं. काही कवेलू काळे, काही लाल, काही शेवाळलेले, एक ओळ सरळ तर दुसरी तिरपी.

"हे छप्पर असं कसं?" त्यांनी विचारलं.

"लोकवर्गणी साहेब," नथ्थू म्हणाला.

"दोन्ही गावांची?"

"हो साहेब. फार चढाओढ होती."

डॉक्टरांना आनंद झाला. लोकांमध्ये एवढी सेवावृत्ती आपण कुठेच पाहिली नाही, असं ते म्हणाले. बिरजूने मान डोलावली. महिन्याभरात कमळा नावाची नर्सबाई आली, आणि तिच्या हातचं पहिलं बाळंतपण मंगलीचं झालं. मुलगी झाली. खाट कोपऱ्यातच होती.

गुणवंतरावांचं घर तसंच उघडं होतं. कोलूची भट्टी लागली खरी, पण दोन्ही गावांचे गोठे उघडे होते, घरामागच्या चळती संपल्या होत्या आणि प्रत्येकाला आपले कवेलू आधी हवे होते. गुणवंतरावांना कोणाच्या पुढे जाऊन मागता येईना. मृग जवळ आला तेव्हा एका सकाळी पोचू आला. मागे त्याच्या टोल्यावरची माणसं, प्रत्येकाच्या डोक्यावर गवत. लढाईच्या वेळी भिंतीला उभा केलेला भाराही तिथेच होता. पोचूने तो उचलला.

"तवा तुमी नाई म्हनलं भाऊ. आता चालते का?"

शकुबाई म्हणाल्या, "चालते बाप्पा. चढ वर."

गवत चांगलं बसलं. त्या पावसाळ्यात गावातलं ते एकच घर गळलं नाही. वांदरं त्यावर आली, त्यांना फोडायला काही सापडलं नाही आणि ती निघून गेली.

पुढच्या साली नर्सबाईंच्या राहायच्या खोलीला छप्पर हवं होतं. दोन्ही गावांनी लढाईचाच आग्रह धरला. शकुबाईंनी तोवर आपलं दार परत मिळवलं होतं, म्हणून लढाई शाळेच्या खोलीत मांडली. नथ्थूने हिरवी फौज लावली. बिरजू पुढे येऊन बसला. गुणवंतराव टोपलीत लाल फौज घेऊन आले. उंबऱ्यावर शकुबाई होत्या. त्यांनी टोपली आत जाऊ दिली आणि हात पुढे केला.

"कवेलू?"

"बाई, मी सेनापती हावो."

"हाव. घरचे दोन कवेलू."

"आपल्या घरावर गवत हाय."

"गवत चालत नाई," शकुबाई म्हणाल्या. "नियम म्हंजे नियम. मी नाई केला."

मागे रांग लागली होती. लोक हातात कवेलू घेऊन खोळंबले होते. गुणवंतराव बाजूला झाले, भिंतीला वळसा घालून खिडकीपाशी गेले. तिथे पोचू नातीला कडेवर घेऊन उभा होता. तो थोडा सरकला.

"इथून बेस दिसते भाऊ," तो म्हणाला.

दिसत होतं खरंच. आत लटारूने टोपलीतून लाल शिपाई काढले आणि सगळं घोडदळ सरळ नदीत नेऊन उभं केलं.

"अबे, नदीत नोको! डावीकडून घे घोडे, डावीकडून!" गुणवंतराव खिडकीतून ओरडले.

उंबऱ्यावरून शकुबाईंचा आवाज आला.

"बाहेरच्याईनं बोलाचं नाई!"